बंद पडलेले चाकू

आपल्या आयटीवाल्यांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, 'एन्ड ऑफ लाइफ'. कंपनीने एक तारीख जाहीर करायची आणि त्या दिवशी चांगलं चालणारं काहीतरी मेलं असं समजायचं. विंडोज १० चं तसं झालं, १४ ऑक्टोबर २०२५ ला. मशीन तेच, आपणही तेच, पण दुसऱ्या दिवसापासून सिक्युरिटी टीमचे मेल सुरू!

मला घडीचे चाकू जमवायचा नाद आहे, आणि तेही कंपन्यांनी बनवायचे बंद केलेले. सध्या सात आहेत. (आई भद्रावतीला असते. तिचं मत, "सात चाकू कायले लागते रे तुले? कापाले तर एकच पुरते." मुद्दा बिनतोड आहे, पण नाद तो नादच.) या नादातल्या लोकांत एक जुना वाद आहे: बंद झालेला चाकू वापरावा की कपाटात जपून ठेवावा? माझं मत स्पष्ट आहे. वापरावा. का, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास. स्विस आर्मी नाइफ म्हटलं की आपल्याला व्हिक्टोरिनॉक्स आठवतं. पण स्वित्झर्लंडच्या सैन्याला चाकू पुरवणाऱ्या कंपन्या दोन होत्या, इबाखची व्हिक्टोरिनॉक्स आणि डेलेमाँची वेंगर. १९०८ पासून सरकारने काम दोघांत वाटून दिलं होतं. मग ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला, विमानाच्या केबिनमधून चाकू हद्दपार झाले आणि एअरपोर्टच्या दुकानांतली मोठी विक्री बसली. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि २०१३ मध्ये वेंगर नावाचे चाकू बंद करायचं जाहीर केलं. आता ते नाव घड्याळांवर आणि बॅगांवर दिसतं. डेलेमाँचे काही चाकू पुढे व्हिक्टोरिनॉक्सच्या नावाने येत राहिले.

माझा सगळ्यात आवडता चाकू त्याच वेंगरचा, १९६१ मॉडेलचा सोल्जर नाइफ. बंद केल्यावर ९३ मिलिमीटर, वर ॲल्युमिनियमची खडबडीत पट्टी. एक पातं, एक डबा उघडायचं, एक बाटली उघडायचं आणि एक टोचा. बास. कात्री नाही, चिमटा नाही, दात कोरायची काडीसुद्धा नाही. २००८ मध्ये सैन्याने एका हाताने उघडणारा मोठा चाकू घेतला आणि हा निवृत्त झाला. पात्याच्या मुळाशी सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात. माझ्या चाकूवर ८७ आहे, म्हणजे तो माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा! नात्याने दादाच म्हणायचा.

आता 'जपून ठेवा'वाल्यांचं म्हणणं. ते चुकीचं आहे असं नाही. एकदा दगडावर घासलं की पात्याचं पोलाद जातं, ते परत येत नाही. किंमतही पडते. आणि सगळ्यांनीच वापरून झिजवले तर पुढच्या पिढीने बघायचं काय? पुण्यात दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) घरोघरचे अडकित्ते, दिवे, भांडी गोळा केली नसती, तर त्यातलं बरंचसं आज मोडीत गेलं असतं. हे मला मान्य आहे.

पण त्याच संग्रहालयात अडकित्त्यांसमोर उभं राहून बघा. नक्षी दिसते, पितळेची घोडी-मोर दिसतात, पण सुपारी कातरताना तो हातात कसा बसायचा ते काचेतून कळत नाही. अडकित्ता काही कुठल्या कंपनीने तारीख जाहीर करून बंद केला नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सुपारी आजही भरपूर खातात (खर्ऱ्यातून, दुर्दैवाने), पण ती दुकानातच कातरून मिळते. घरातले हात थांबले आणि अडकित्ता गेला. वस्तू संपते ती अशी. कारखाना बंद पडणं हा त्याचा एक भाग झाला, फक्त.

उलट उदाहरण आमच्या गावातच आहे. आमचं गाव पूर्वीचं भांदक. सरकारी कागदोपत्री ते भद्रावती झालं, पण रेल्वे स्टेशन अजून भांदकच. नाव बंद केलं, वापर थांबला नाही. तिकीट काढणाऱ्या कोणालाही ते मेल्यासारखं वाटत नाही.

इथेच चाकू आणि सॉफ्टवेअर वेगळे होतात. सॉफ्टवेअरला पॅच लागतात आणि ते फक्त कंपनीच देऊ शकते. चाकूला लागते धार, आणि ती आपण देऊ शकतो. एक दगड, थोडं पाणी, पातं पंधरा ते वीस अंशांत धरायचं आणि घाई करायची नाही. चाकावर देऊ नका. पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. बिजागरीत तेलाचा एक थेंब. झाला अपडेट! बंद झालेली वस्तू कंपनीशिवाय चालू ठेवता येते, हे हाताला कळणं मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या पिढीच्या हातात अशा वस्तू फार कमी उरल्यात.

म्हणून माझा एक साधा नियम आहे. लाखांनी बनलेली वस्तू वापरायची, जगात मोजकीच उरलेली असेल तर संग्रहालयाला द्यायची. सोल्जर नाइफ पहिल्या प्रकारात येतो. तो सैनिकाच्या खिशात राहून ब्रेड कापायला बनवलाय. माझा आंबे कापतो, कुरिअरची खोकी उघडतो आणि गावी गेलो की बांबूच्या काड्या सोलतो. (ताडोबा जवळ आहे म्हणून मित्र विचारतात, वाघासाठी का? वाघासमोर ९३ मिलिमीटरचं काय चालणार!)

एक इशारा मात्र देतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांबद्दल बोलतात, आणि घरगुती किंवा शेतीची अवजारं त्यातून वगळतात. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात सुरे येतात. तेव्हा चाकू घरी ठेवा. विमानात चेक-इन बॅगेत. 'हा तर कलेक्शनचा आहे हो' हे वाक्य सुरक्षा तपासणीत चालत नाही.

तुमच्याही घरात कुठल्यातरी खणात आजोबांचा घडीचा चाकू पडला असेल, घट्ट झालेला. त्याची किंमत इंटरनेटवर शोधायच्या आधी त्याला तेल द्या, दगडावर घासा आणि एक पेरू कापून बघा. मग ठरवा, विकायचा की ठेवायचा.