घरे माळावर बांधा, भातशेत राखा

आमचे गाव पनवेल तालुक्यात आहे. गावाच्या एका बाजूला भातशेती आहे आणि दुसऱ्या बाजूला माळ आहे. शेतात पावसाळ्यात भात होतो. भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरतात. माळावर कातळ आहे, तिथे फक्त गवत उगवते. पण नवीन इमारती माळावर होत नाहीत, भातशेतात होतात. कारण रस्ता शेताजवळून जातो. मला हे बरोबर वाटत नाही.

घरे नकोत असे मी म्हणत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. आता कामासाठी लोक येणार, त्यांना घरे लागणारच. आमच्या वर्गातही भाड्याच्या खोलीत राहणारी मुले आहेत. ती आमच्याबरोबर खो-खो खेळतात. आमच्या गावातल्या लोकांनाही गावठाणात जागा पुरत नाही. म्हणून घरे जरूर बांधावीत, पण कुठे बांधावीत याचा आधी विचार करावा.

भातशेत म्हणजे नुसती मोकळी जागा नाही. गुरुजींनी फळ्यावर एक गणित करून दाखवले. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. बांध घातलेल्या खाचरात १० सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर एका गुंठ्यात १०,००० लिटर पाणी मावते. म्हणजे एक मोठा टँकर! एका एकरात ४० गुंठे, म्हणजे ४० टँकर. शेतात भराव टाकला तर हे पाणी कुठं जाणार? गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या शेतात भराव पडला. ते पाणी आमच्या शेतात आले आणि लावणी कुजली. आजी म्हणाली, "पानी आपली वाट सोडत नाय. मानसांनी ती बुजवली."

आजोबा जुनी गोष्ट सांगतात. १९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी उरण तालुक्यात मोठे आंदोलन केले. त्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. पण भूखंडावर घर होते, भात होत नाही.

२०१३ पासून तालुक्यातील पुष्कळ गावे 'नैना' क्षेत्रात आहेत. तिथल्या नगररचना योजनेत शेतकऱ्याला ४० टक्के जमीन भूखंड म्हणून मिळते. बाकीची रस्ते, बागा, शाळा अशा कामांना जाते. म्हणजे ४० गुंठ्यांचे १६ गुंठे उरतात. रस्ते आणि शाळा आम्हालाही हव्यात. पण नकाशात बागेला जागा ठेवतात, तशी भातशेतालाही ठेवावी.

काही लोक म्हणतात की शेतकरीच जमीन विकतात. ते खरे आहे. पण बाबा म्हणतात, मजुरी वाढली, भाताला भाव नाही, मग शेती परवडणार कशी? म्हणून आधी भाताला चांगला भाव द्यावा, मग शेतकऱ्याला नावे ठेवावीत.

माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. पहिली, घरे आधी माळावर आणि गावठाणाला लागून बांधावीत. दुसरी, ओढा बुजवू नये व अरुंद करू नये. तिसरी, जो शेती करतो त्याला मदत करावी. माळावर बांधायचे तर रस्ता आणि पाणी न्यायला खर्च येईल, पण एकदाच येईल. शेत गेले की मात्र परत करता येत नाही. बांध घालून खाचर तयार व्हायला कित्येक पिढ्या लागल्या आहेत.

आपल्या शाळेत आलेल्या पालकांना माझी विनंती आहे. नकाशा जाहीर झाला की हरकती व सूचना मागवतात. तेव्हा तो बघायला जा, आपला ओढा त्यात आहे का ते पाहा आणि नसेल तर लिहून द्या. ग्रामसभेलाही जा. आम्ही लहान आहोत, आम्हाला तिथे मत नाही. पण मोठे झाल्यावर याच गावात आम्हाला राहायचे आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी