अदमासाचा बार



तळकोकणात ठासणीची बंदूक ही भिंतीवरची शोभा नाही, ते शेतीचे अवजार आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पीकसंरक्षणासाठी या बंदुकीला परवाना देण्याची तरतूद आहे. भात पोटरीत आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचर लोळवून जातो. त्या भाताचे दाम कोणी घरी आणून देत नाही, म्हणून माणूस थंडीत माळ्यावर जागतो. हौस म्हणून कोणी बसत नाही.

परवान्यासाठीचे हेलपाटे, निवडणूक लागली की ऐन हंगामात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश, यावर आम्ही भांडत आलो आणि भांडत राहू. आज मात्र आपल्याच घरातले बोलायचे आहे.

बारात दारू किती घालता, असे विचारले की दहातले आठ जण तळहात पुढे करतात. "हाताला कळतं," म्हणतात. आम्ही कृषी पदवीला खतांच्या मात्रा शिकलो आणि पुढे गावोगाव पाहिले, की युरियाची मात्राही हातालाच कळत असते. जरा जास्त पडले तर काय बिघडले? युरिया जास्त पडला तर भात लोळते, पैसा जातो. दारू जास्त पडली तर नळी फाटते, आणि नळीखाली असतो तो डावा हात जातो.

आमच्या एका सहकाऱ्याचे असेच झाले. पावसाळ्यात दारू सर्दावली, बार फुसके जाऊ लागले, म्हणून त्याने मूठ वाढवली. ते त्या दारूपुरते चालून गेले. दिवाळीनंतर नवी, कोरडी दारू आली, पण हाताला पावसाळ्याचीच सवय राहिली. त्याला अंगठा गमवावा लागला. दारू दोषी नव्हती, बंदूकही नव्हती. सर्दावलेली दारू बाद करायची असते, वाढवून घालायची नसते, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

अमेरिकेत रायफलीची काडतुसे घरी भरणारे लोक दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत काट्यावर तोलतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणाच. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा, आणि एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. म्हणजे ते तांदळाच्या दाण्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याचा हिशेब ठेवतात. त्यांची बिनधुराची दारू तितकी जहाल असते, म्हणून ही काळजी. ती दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नये. आपल्या काळ्या दारूच्या मापात घातली तर मापच उलटते. फटाके फोडून काढलेल्या दारूचेही तेच. तिचा जोर कोणालाच ठाऊक नसतो, मग मोजणार काय?

काळ्या दारूला सोन्याचा काटा लागत नाही. पितळेचे एकच ठरलेले माप, काठाशी सपाट केलेले, पुरते. ते त्या बंदुकीला किती असावे, हे परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून ठरवून घ्यावे. शेजाऱ्याचे माप उसने घेऊ नये. बारीक दाण्याची दारू जाड दाण्याच्या दारूपेक्षा लवकर पेटते, म्हणून दारू बदलली की माप पुन्हा विचारावे. डब्यातून थेट नळीत तर ओतूच नये. आत मागच्या बाराची ठिणगी राहिलेली असली तर डबाच हातात पेटतो. आणि गजावर दोन खुणा कराव्यात, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. अंधारात बारावर बार ठासला गेला की नाही ते गजच सांगतो. भरलेल्या नळीची खूण नळीबाहेर राहिली तर गोळी दारूवर नीट बसलेली नाही असे समजावे. मधली पोकळीही नळी फाडते.

जाता जाता एक. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे वनखात्याची वेगळी परवानगी लागते. ती न घेता बार काढला तर पीक जाते ते जाते, वर खटला पदरात.

सरकार परवान्याचे शुल्क घेते, शिक्का मारते आणि मोकळे होते. आमचे म्हणणे असे, की नूतनीकरणाच्या वेळी तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस कारागीर बसवावा, नळ्या तपासाव्यात, माप ठरवून परवान्यावर लिहून द्यावे, आणि परवानाधारक दुकानात सरळ दारू मिळेल अशी सोय करावी. ती मिळत नाही म्हणून लोक फटाके फोडतात. तसा ठराव जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. येताना घरी जे माप वापरता ते सोबत आणा, मग ते बाटलीचे बूच असो की करवंटीचा तुकडा. दारू आणि बंदूक मात्र घरीच ठेवा.