दहा वॅट आणि बहिरे कान

हॅम रेडिओचा परवाना हातात पडला, व्हीयूने सुरू होणारा कॉलसाइन मिळाला, की नव्या हॅमचा पहिला फोन ठरलेला, तोही हँडीबद्दल, म्हणजे हातात धरायच्या रेडिओ संचाबद्दल. "काका, १० वॅटचा हँडी मिळतोय. घेऊन टाकू?" बाबा रे, तू राहतोस कितव्या मजल्यावर, जवळचा रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल पुढे फेकणारा संच, कुठल्या डोंगरावर, तो सध्या चालू तरी आहे का, असं विचारलं की पलीकडे सामसूम. वॅट मात्र तोंडपाठ. विकणाऱ्यांनी तो आकडा खोक्यावर एवढा ठळक छापलाय की आणखी काही विचारायचं असतं हेच गिऱ्हाईक विसरून जातं.

आधी या आकड्यातली हवा काढू. ५ वॅटचे १० वॅट केले की सिग्नल वाढतो ३ डेसिबलने. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवरचं एक घर धरतात ६ डेसिबलचं. म्हणजे दुप्पट वॅटांचे पैसे मोजून समोरच्याच्या मीटरवर तुम्ही अर्धं घर सरकलात. ८ वॅटवाल्याच्या पदरात तर जेमतेम २ डेसिबल. या कमाईसाठी बॅटरी भराभर उतरवायची, संच हातात धरवेना इतका तापवायचा आणि अँटेना डोळ्यापासून चार बोटांवर ठेवून बोलत राहायचं. शिवाय खोक्यावरचे १० वॅट अँटेनाऐवजी डमी लोड लावून मोजले तर पुरते भरतीलच याची हमी कोणी देत नाही.

हँडीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. त्यांना उंची लागते, वॅट नंतर. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा, रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. जमिनीवर उभ्या माणसाच्या हातातला हँडी दीड मीटरवर. त्याचं क्षितिज ५ किलोमीटर. दोघे असे उभे असले तर मोकळ्या मैदानात १०, आणि पुण्या-मुंबईच्या सिमेंटात त्याचंही निम्मं झालं तर कुरकुरू नका. तोच हँडी घेऊन सिंहगडावर जा. गड पायथ्यापासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, म्हणजे क्षितिज गेलं ११० किलोमीटरवर. संच तोच, वॅट तेवढेच.

अजून पटत नसेल तर वर बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅमसाठी रिपीटर आहे. १४५.९९० मेगाहर्ट्झवर बोलायचं, ४३७.८०० वर ऐकायचं. स्थानक आपल्या डोक्यावर ४०० किलोमीटर. हातात धरायची छोटी यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, आणि ५ वॅटचा हँडी एवढ्यावर लोक त्या रिपीटरमार्फत बोलतात. आणि कोथरूडच्या तळमजल्यावर बसून १० वॅट फुंकणाऱ्याला हडपसर लागत नाही, कारण मध्ये टेकड्या आणि टॉवर आहेत. तो मग १५ वॅटचा हँडी शोधायला लागतो!

आता त्या रबरी शेपटाकडे या. खोक्यातून जी आखूड अँटेना निघते, ती आत गुंडाळलेली तार असते. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दोन मीटर बँडवर पाव तरंगलांबी भरते साधारण ४९ सेंटिमीटर. ती वीतभर रबरात कोंबली की कार्यक्षमता गेलीच. त्यात अँटेनाचा अर्धा भाग मुळात दिलेलाच नसतो. त्याचं काम तुमचा हात आणि संचाचं अंग कसंबसं निभावतं. यावरचा उपाय दुकानदार सांगणार नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही. साध्या वायरचा ४९ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, एका टोकाचं प्लॅस्टिक सोला, तांबं पिळून त्याची कडी करा. अँटेना काढा, ती कडी कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला टेकेल अशी बुडाशी बसवा, अँटेना परत आवळा. मधल्या पिनेला तार लागू द्यायची नाही, आणि उरलेली शेपटी खाली मोकळी लोंबू द्यायची. करकर करत तुटणारा सिग्नल यानं सावरताना दिसतो. ज्याला हे करायची लाज वाटते त्यानं खुशाल १० वॅट विकत घ्यावेत.

लांब अँटेना वेगळी घेणार असाल तर हँडीच्या माथ्यावरचा कनेक्टर आधी बघा. स्वस्त चिनी हँडीवर पिन असते, जपानी हँडीवर बहुधा भोक. न बघता मागवलेल्या अँटेना कित्येकांच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

पण खरी फसवणूक होते ती कानांची. हँडीला ऐकू किती येतं हे खोक्यावर कोणी छापत नाही. स्वस्त संचात एकाच चिपवर सगळा रिसीव्हर असतो आणि त्याच्या दारात गाळणी जवळजवळ नसतेच. घरी खिडकीत तो छान ऐकतो. तोच सिंहगडावर दूरदर्शनच्या मनोऱ्याजवळ न्या, किंवा मुंबईत एखाद्या ट्रान्समीटरच्या सावलीत, की बहिरा होतो. तुम्ही बोलता ते खालच्याला स्वच्छ पोचतं. तो ओरडून उत्तर देतो आणि तुमच्या हँडीत नुसती खरखर. मोठी अँटेना लावली की आणखी बिघडतं, कारण नको असलेला जोरदार सिग्नलही जास्त आत येतो. अशा स्टेशनला हॅम लोक मगर म्हणतात: जबडा मोठा, कान नाहीत. तेव्हा घेण्याआधी एखाद्या जुन्या हॅमला गाठा आणि त्याचा नि तुमचा हँडी शेजारी शेजारी धरून, मनोऱ्याजवळच, एक क्षीण सिग्नल ऐकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

स्वस्त संचाचं दुसरं दुखणं शेजाऱ्यापाजाऱ्यांना भोगावं लागतं. १४५ मेगाहर्ट्झवर बटण दाबलं की गाळणी नीट नसलेला संच २९० वरही थोडं ओकतो, आणि तो पट्टा लष्करी विमानांच्या संपर्काचा. त्यात हे संच १३६ पासून १७४ पर्यंत कुठेही बोलायला मोकळे असतात. भारतातल्या हॅमला दोन मीटरवर १४४ ते १४६ आणि वर ४३४ ते ४३८ एवढंच अंगण दिलेलं आहे. १५६.८ हा समुद्रावरचा चॅनेल १६, संकटातल्या बोटीनं हाक मारायचा. कोकणच्या किनाऱ्यावर सहलीला जाऊन त्या चॅनेलवर 'हॅलो हॅलो टेस्टिंग' करणाऱ्याला आपण काय करतोय याची कल्पनाही नसते.

आणि परवाना नसताना हँडी कमरेला लावून फिरणारे ट्रेकिंगवाले! एकमेकांना हाक मारायला तुम्हाला हॅमचा संच लागतच नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा कमी ताकदीचा पट्टा २०१८ पासून परवानामुक्त आहे. त्यातला सरकारी मान्यतेचा वॉकी-टॉकी घ्या आणि सुखानं चढा. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना बेकायदा वॉकी-टॉकींबद्दल नोटिसा धाडल्या. तोवर ही यंत्रं प्रेशर कुकरच्या शिट्टीइतक्या सहज घरपोच येत होती, आणि परवान्याबद्दल पानावर चकार शब्द नसायचा.

दुसऱ्या टोकाला डिजिटलवाले. पन्नास-साठ हजारांचा हँडी, रंगीत पडदा, जीपीएस, ब्लूटूथ. जपानी हॅम संघटनेनं घडवलेला डी-स्टार, युरोपीय प्रमाणाचा डीएमआर आणि यासू कंपनीचा सी-फोर-एफएम ही तीन घराणी. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. आपल्या टप्प्यात त्याच घराण्याचा रिपीटर नसेल तर घरच्या वायफायला हॉटस्पॉट जोडायचा आणि इंटरनेटवरून टोकियोशी गप्पा मारायच्या. मौज म्हणून करा, मी आडवा येत नाही. पण नव्या पोराच्या गळ्यात पहिला हँडी म्हणून हे बांधणाऱ्या ज्येष्ठांना विचारावंसं वाटतं: वायफाय गेल्यावर त्यानं बोलायचं कोणाशी? हेच ज्येष्ठ स्वस्त चिनी हँडीवर बोलणाऱ्या कॉलेजच्या मुलाला नेटवर सगळ्यांदेखत हिणवतात. त्या संचाचे दोष मी वर मोजलेत, पण तीन हजारांत पोरगं हवेत बोलायला लागलं हेही खरं.

'आपत्तीत उपयोगी पडेल' हे खरेदीचं सगळ्यात सोज्ज्वळ कारण. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅमच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले आणि त्यांनी अंदमानचा संपर्क मुख्य भूमीशी जोडला. दाखला सगळे देतात. ते काम एचएफच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या संचांवर झालं, बाहेर उभारलेल्या अँटेनांवर, ती यंत्रं रोज हाताळणाऱ्या माणसांकडून झालं, हे कोणी सांगत नाही. कपाटात खोक्यासकट ठेवलेला हँडी पुरात कोणाला वाचवणार? त्याची बॅटरी तेव्हा मेलेली असते आणि रिपीटर उघडणारा टोन मालकाला आठवत नसतो.

तर मग घ्यावा कुठला? पहिला हँडी साध्या एफएमचा, दोन बँडांचा, ५ वॅटचा आणि नीट गाळणी असलेल्या सुपरहेट रिसीव्हरचा घ्या. यासूचा एफटी-६० २००४ च्या सुमारास आला आणि दोन दशकं विकला गेला; दिसायला ओबडधोबड, पण कान शाबूत. वापरलेला मिळाला तर सोडू नका. त्याला पेन्सिल सेलचा वेगळा डबा मिळतो, आणि वीज गेलेल्या गावात चार्जरपेक्षा वाण्याचं दुकान आधी सापडतं. पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडणार असाल तर मात्र आयपी ६७ दर्जाचा संच बघा, तो मीटरभर पाण्यात अर्धा तास तगतो. नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्याच्या नादी लागू नका. टॉर्च, एफएम गाणी, बोलणं संपल्यावर 'टींव' करणारा बीप यांना शून्य गुण. बटणं मात्र स्वतः दाबून बघा: रिपीटरसाठी बोलण्या-ऐकण्यातलं ६०० किलोहर्ट्झचं अंतर आणि टोन संगणकाशिवाय, अंधारात, ओल्या बोटांनी लावता आला पाहिजे.

परवाना नसेल तर आधी परीक्षेला बसा. प्राथमिक श्रेणीला मोर्सही लागत नाही. हँडी घेतल्यावर पैसे उरले तर जास्तीची बॅटरी आणि गच्चीवर बरी अँटेना घ्या. आणि एवढं वाचूनही १० वॅटचाच घेणार असाल तर खुशाल घ्या, फक्त तो प्रोग्रॅम करून घ्यायला माझ्याकडे येऊ नका.