शुगरची गोळी मुळात झाडातूनच आली, मग पाला खाऊन भागत का नाही?

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्या दवाखान्यात येतो. गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवत एखादे काका म्हणतात, "सायेब, या केमिकलच्या गोळ्या किती दिवस खाच्या? झाडपाल्याचं काई नाई का?" सोबत आलेला मुलगा मोबाइल पुढे करतो. त्यावर बातमी असते की अमुक संस्थेने अमुक वनस्पतीपासून मधुमेहावर औषध शोधलं.

वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न पडणं साहजिक आहे. धुऱ्यावर कडुनिंब, परसात कारल्याचा वेल, नाल्याकाठी जांभूळ आणि बाजारात गुडमारची पूड, असं सगळं इथे हाताशी आहे. त्यामुळे मी कोणाला हसत नाही. एवढंच सांगतो की काका, तुमच्या हातातल्या गोळीचं मूळ झाडातच आहे. पण झाडापासून गोळीपर्यंत मधे बरंच काही घडलं आहे, आणि तुमचा जीव त्या मधल्या भागावर अवलंबून आहे.

मेटफॉर्मिन घ्या. दोन-तीन रुपयांची ही गोळी बहुतेक घरांत असते. युरोपात गॅलेगा नावाची एक झुडूपवजा वनस्पती आहे. तिच्यातलं गॅलेजीन हे द्रव्य रक्तातली साखर कमी करतं. १९२० च्या दशकात ते मधुमेहाच्या रुग्णांना देऊनही पाहिलं, पण ते विषारी निघालं. ही वनस्पती चरून मेंढ्या मेल्याच्या नोंदी आहेत. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच घराण्यातली दुसरी द्रव्यं प्रयोगशाळेत बनवली. मेटफॉर्मिन त्यांपैकीच एक, १९२२ मध्ये डब्लिन इथे तयार झालेलं. नंतर ते बरीच वर्षं विस्मरणात गेलं. १९५७ मध्ये फ्रान्सचे डॉ. जाँ स्टेर्न यांनी मधुमेहावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेत मंजुरी मिळायला तर १९९४ साल उजाडलं.

सध्या चर्चेत असलेल्या गोळ्यांची गोष्ट याहून रंजक आहे. पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव असेल, तर ती सफरचंदाच्या झाडाची नातवंडं समजा. १८३५ मध्ये युरोपात सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य वेगळं केलं गेलं. कडू म्हणून आधी ते तापावर वापरून पाहिलं. १८८६ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरांना दिसलं की ते दिल्यावर लघवीतून साखर जाऊ लागते.

असं का होतं? आपली मूत्रपिंडं रोज सुमारे १८० ग्रॅम साखर रक्तातून गाळतात आणि जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतात. ही साखर परत ओढणारे पंप मूत्रपिंडात असतात. फ्लोरिझिन ते पंप अडवतं, आणि साखर लघवीवाटे बाहेर पडते.

मग सालीचा काढा का पुरत नाही? फ्लोरिझिनमध्ये ग्लुकोजचा एक तुकडा ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेला असतो. आपल्या आतड्यातलं, दुधातली साखर पचवणारं एन्झाइम हा पूल तोडून टाकतं, त्यामुळे तोंडाने घेतलेलं औषध पोटातच मोडतं. जे थोडं शिल्लक राहतं, ते आतड्यातलेही साखर शोषणारे पंप अडवतं आणि जुलाब लागतात. शास्त्रज्ञांनी दोन बदल केले. एक म्हणजे मधला ऑक्सिजन काढून कार्बनची थेट, न तुटणारी जोडणी केली. दुसरा, रेणूला असा आकार दिला की तो मुख्यतः मूत्रपिंडातलाच पंप अडवेल. एवढ्याशा फेरफारामुळे दिवसातून एकदा घ्यायची गोळी तयार झाली. मात्र सालीपासून गोळीपर्यंत पावणेदोनशे वर्षं गेली.

यात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. याच कुळातलं रेमोग्लिफ्लोझिन हे औषध जपानमध्ये शोधलं गेलं. मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने भारतीय रुग्णांवर चाचण्या करून २०१९ मध्ये ते जगात सर्वांत आधी भारतात विक्रीला आणलं. त्यात ऑक्सिजनचा पूल तसाच ठेवून रेणूवर एक रासायनिक टोपी चढवली आहे. औषध शरीरात शोषलं गेलं की टोपी निघते आणि काम सुरू होतं. परिणाम लवकर ओसरतो, म्हणून गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. आली तेव्हा एका गोळीची किंमत साडेबारा रुपये होती, बाकीच्यांपेक्षा बरीच कमी. पण स्वस्त आहे म्हणून डोळे झाकून बदल करू नका. एम्पाग्लिफ्लोझिनचा सात हजारांहून अधिक रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. मधुमेहासोबत हृदयविकार असलेल्या त्या रुग्णांत हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१५ मध्ये दिसलं. हृदयाबाबत एवढा मोठा पुरावा रेमोग्लिफ्लोझिनकडे नाही. हृदय अशक्त असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

आता किमतीची बातमी. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी तेच औषध बाजारात आणलं. जी गोळी साठ रुपयांच्या आसपास होती, ती काही कंपन्यांची दहा रुपयांच्या आसपास मिळू लागली. महिन्याचे अठराशे आणि महिन्याचे तीनशे, हा फरक सोयाबीनच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या घराला कळतो. तुम्ही अजून जुन्या महाग ब्रँडवर असाल, तर पुढच्या भेटीत विचारा, "डॉक्टर, हेच औषध स्वस्तात आहे का?" हे विचारण्यात संकोच कसला? मलाही कधी कधी रुग्णानेच आठवण करून द्यावी लागते.

मग आपल्या झाडांचं काय? त्यांच्यात गुण नाही असं मी म्हणत नाही. विजयसार म्हणजे आपला बिबळा. त्याच्या लाकडाचा पेला जत्रेत मिळतो, रात्रभर पाणी ठेवलं की तपकिरी होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नव्याने मधुमेह निघालेल्या ९७ रुग्णांना विजयसार देऊन पाहिलं आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. बारा आठवड्यांत ६९ टक्के रुग्णांची साखर ठरवलेल्या मर्यादेत आली. ऐकायला छान वाटतं. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ९.८ वरून फक्त ९.४ झाली. बहुतेकांना आपण ही ७ च्या आसपास ठेवायला सांगतो. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि तिथे औषध मोजून दिलं होतं, पेल्यातल्या पाण्यात किती उतरलं ते तुम्ही कशाने मोजणार? कारल्याबाबत २०१२ मध्ये चार चाचण्यांतल्या ४७९ जणांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हाही मधुमेहावर शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. भाजी म्हणून कारलं जरूर खा.

म्हणून मोबाइलवर "वनस्पतीपासून मधुमेहाचं नवं औषध" असं काही आलं, की मी आधी पाहतो की ते कोणावर तपासलं. बहुतेक वेळा उत्तर उंदीर किंवा काचेच्या बशीतल्या पेशी असं असतं. अशा संशोधनाला मी नावं ठेवत नाही, फ्लोरिझिनचीही सुरुवात तशीच झाली. पण त्यातलं फार थोडं गोळीपर्यंत पोचतं आणि त्याला अनेक वर्षं लागतात. तेवढी वर्षं तुमची मूत्रपिंडं आणि डोळे थांबणार नाहीत.

मागे एका पहाटे रिसोड तालुक्यातल्या साठीच्या एका शेतकरी काकांना घरच्यांनी उचलूनच आणलं होतं. अंग घामाने ओलं, बोलणं असंबद्ध, साखर ३८. ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले. गोळ्या महिनाभरापूर्वीच बंद केल्या होत्या, मग साखर उतरली कशाने? सुनेने पिशवीतून पूड काढली, बाजारात घेतलेली, लेबल नसलेली. त्या पुडीत काय होतं ते मी तपासून घेऊ शकलो नाही. पण अशा पुड्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी गोळी कुटून मिसळलेली सापडल्याची उदाहरणं देशोदेशी आहेत. ज्या "केमिकल"ला घाबरून काकांनी गोळ्या सोडल्या, तेच बहुधा ते मोजमापाशिवाय खात होते.

ग्लिफ्लोझिनच्या गोळ्याही बिनधोक नाहीत. आपल्याकडच्या माणसांना मी काही गोष्टी मुद्दाम सांगतो. ही गोळी सुरू असताना लघवीच्या तपासणीत साखर भरपूर येणारच, रिपोर्ट पाहून घाबरू नका. औषधाचं कामच ते आहे. लघवीच्या जागी खाज किंवा पांढरेपणा आला तर लाजू नका, विशेषतः बायका सांगत नाहीत आणि त्रास वाढतो. धुऊन कोरडं ठेवा आणि दाखवा. लघवी वाढते, पाणी कमी पडतं. मे महिन्यात दिवसभर उन्हात राबणार असाल, तर पाणी आणि डोस दोन्हींबद्दल आधी बोलून घ्या.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उपास आणि आजारपण. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास असो, की उलट्या-जुलाबांनी दोन दिवस अन्न जात नसो, अशा वेळी ही गोळी चालू राहिली तर रक्तात आम्ल साठू शकतं. फसवणारी गोष्ट अशी की तेव्हा साखर दोनशेच्या आतही असू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप, कमालीचा थकवा आला, तर "शुगर तर नॉर्मल आहे" म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा, आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. जेवण बंद असेल तर ही गोळीही थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. इन्सुलिन चालू असेल तर ते मात्र मनाने बंद करायचं नाही. ठरलेल्या ऑपरेशनआधी साधारण तीन दिवस ही गोळी बंद ठेवतात, म्हणून सर्जनना आधीच सांगा.

आणि पूड किंवा काढा घेतच असाल तर लपवू नका. पिशवीतून गोळ्यांसोबत तीही आणा. मी रागावणार नाही, साखर तपासू, क्रिएटिनिन तपासू आणि मग ठरवू.