उपस्थात्याचे भय

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात उपस्थात्याला वैद्य व द्रव्य यांच्या पंक्तीस बसविले. त्याचे चार गुण आपण परीक्षेसाठी पाठ केले. परंतु तो पादच भयग्रस्त झाला तर काय, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला?

27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्यास शिक्षा झाली ती हल्ल्याची व चोरीची. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा दाखल झालाच नाही. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत शुश्रूषा केली ती सहकारी परिचारिकांनीच.

मौनाची ती रीत अद्याप गेलेली नाही. नातेवाइकाने हात उगारला की आपण तिलाच सांगतो, "बाई, विषय वाढवू नका." पुढे तिची झोप उडते, रात्रपाळी म्हणताच छातीत धडधडते. भयज अतिसार शिकलेल्या वैद्यास भय शरीरात कसे उतरते हे सांगावयास नको! 1992 च्या बालमृत्यूंनी राज्याला ठाऊक झालेल्या वावर-वांगणीसारख्या दुर्गम पाड्यांत तर अपरात्री दार वाजले की परिचारिकेस एकटीनेच ते उघडावे लागते.

महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यात परिचारिकाही येते. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. मात्र पोलीस ठाण्याची पायरी तिने एकटीने का चढावी? तिच्यासोबत मालकाने, म्हणजे आपणच, गेले पाहिजे. आणि त्या दिवसाची रजा तिच्या खाती मांडू नये.