अक्षता हातात घेण्याआधी वय विचारा
कडा व परिसरातील ग्रामस्थांना जाहीर आवाहन



दसरा तोंडावर आला आहे. मुकादमांच्या उचली वाटून झाल्या, टोळ्या जुळल्या. दिवाळीच्या सुमारास आपली माणसं संसार ट्रकात भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाला निघतील. त्याआधी घाईघाईने काही सोयरिकी होतील. नवरी नववी-दहावीतली असेल. कुणी विचारलंच, तर ठरलेलं उत्तर मिळेल, ‘आपल्यात असंच करतात.’

या उत्तराच्या थोडं मागे जाऊ. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल जोडी बघून मिळते. म्हणून पोराचं लग्न लवकर. वयात आलेली पोरगी कोपीवर न्यायची तर भीती, गावात ठेवायची तर कुणाच्या भरवशावर? म्हणून तिचंही लवकर. आईबापाची ही भीती खोटी नाही. तिला नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही. पण ही रीत नव्हे, नड आहे. नडीला रीत म्हटलं की तिच्यावर उपाय शोधायचं कारणच उरत नाही. शिवाय ज्यांनी कधी कोयता हातात धरला नाही, त्यांच्याही घरी सोळाव्या वर्षी हळद लागते. त्यांची नड कुठली? तिथे नुसता भावकीचा धाक.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्याचा आकडा २२ आहे. म्हणजे आपण दुप्पट.

लेकरं हे बघत मोठी होतात. थोरलीची शाळा लग्नासाठी सुटली की पुढची पाळी आपली, हे धाकटीला कुणी सांगावं लागत नाही. ती रडत नाही, विचारतही नाही, आणि आपण तिला गुणाची पोर म्हणतो. मुलाचं तर कुणी मनातच घेत नाही. मिसरूड फुटायच्या आत त्याच्या डोक्यावर संसार आणि उचल, दोन्ही.

कायद्याने मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण हवीत. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हा कायदा लग्न लावणाऱ्यापुरता नाही. ठरवणारे आणि मांडवात हजर राहणारेही त्यात येतात. जेवून आलो एवढंच, ही सबब चालत नाही.

म्हणून विनंती आहे. पत्रिका आली की आधी वय विचारा. भटजी, मंडपवाले, आचारी, बँडवाले, फोटोवाले यांनी सुपारी घेण्याआधी शाळेचा दाखला बघावा. वय कमी असेल तर पाहुणे असा की पुढारी, जाऊ नका. आहेरही पाठवू नका. ग्रामसेवक हेच गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, त्यांना कळवा. नाहीतर १०९८ वर फोन करा.

उसाला जाणाऱ्यांनी निघण्याआधी शाळेत येऊन हंगामी वसतिगृहाची आणि संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची चौकशी करावी. जे गावातच राहणार आहेत, त्यांनी भावकीतली एक तरी पोरगी हंगामभर आपल्या घरी ठेवून घ्यावी आणि तिच्या आईबापाला हा शब्द टोळी निघायच्या आत द्यावा.

आपले,
कडा येथील काही शिक्षक व पालक