विश्लेषण : सॉफ्टवेअरमधल्या जुन्या खुणेला नवा अर्थ दिला अन् ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलर बुडाले!

१ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्क शेअर बाजार उघडताच ‘नाइट कॅपिटल’ या बड्या ब्रोकर कंपनीच्या संगणकांनी शेअर्सच्या खरेदी-विक्रीचा सपाटा लावला. अवघ्या ४५ मिनिटांत कंपनीने ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. हे हॅकिंग नव्हते. मग झाले काय?

खूण एक, अर्थ दोन

एखादी सुविधा चालू आहे की बंद, हे प्रोग्रॅमला सांगणाऱ्या खुणेला ‘फ्लॅग’ म्हणतात. नाइटच्या प्रणालीत असा एक फ्लॅग ‘पॉवर पेग’ ही सुविधा चालू करायचा. २००३ मध्ये तिचा वापर थांबला, पण तिचा कोड तसाच राहिला. २०१२ मध्ये बाजाराच्या नव्या योजनेसाठी कोड लिहिताना तोच फ्लॅग पुन्हा वापरला गेला. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता. तो सातवरच पोहोचला. आठव्याला त्या फ्लॅगचा जुनाच अर्थ ठाऊक होता.

तोटा का वाढत गेला?

ऑर्डर पूर्ण झाली की पॉवर पेगला थांबवणारी मोजणी २००५ मध्येच दुसरीकडे हलवली होती. त्यामुळे आठवा सर्व्हर थांबेना. २१२ ऑर्डरींमधून ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. घाईत उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला गेला, तेव्हा तेही जुन्याच अर्थाने वागू लागले!

अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०१३ मध्ये कंपनीला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. त्याच वर्षी तिचे ‘गेटको’शी विलीनीकरण झाले.

धडा काय?

बंद झालेला मोबाइल नंबर दुसऱ्याला मिळतो आणि जुन्या मालकाच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. सॉफ्टवेअरमधल्या ठरावीक आकड्यांचे, म्हणजे ‘कॉन्स्टंट’चे, असेच आहे. एक टीम ते ठरवते आणि कितीतरी टीम त्यावर विसंबून कोड लिहितात. सगळ्यांचे सॉफ्टवेअर एकाच क्षणी अपडेट होत नाही.

म्हणून नियम साधा आहे : नव्या गोष्टीला नवा आकडा द्या आणि बाद झालेला आकडा कायमचा राखून ठेवा. गूगलच्या ‘प्रोटोकॉल बफर्स’मध्ये असे आकडे राखून ठेवण्याची सोयच आहे. ‘४०४’ म्हणजे पान सापडले नाही, हे जगभरच्या ब्राउझरना कळते, कारण तो अर्थ कोणी बदललेला नाही.

नवा आकडा घ्यायला जवळपास काहीच खर्च येत नाही. जुना पुन्हा वापरण्याची किंमत नाइटने मोजली.